काच विरघळली, चौकोन उरले

परवा संध्याकाळी मी पोळ्यांसाठी कणीक मळून ठेवली होती. माझी भाची स्टूल ओढून ओट्याशी उभी होती. मी तवा काढायला वळले, तेवढ्यात तिनं चहाची गाळणी उचलली आणि कणकेच्या गोळ्यावर गच्च दाबली. गाळणी काढली, तर कणकेवर बारीक बारीक चौकोन. शेकड्यांनी! आमच्या गाळणीची जाळी एका ठिकाणी जराशी उसवली आहे. तिथले चौकोनही तसेच वेडेवाकडे उमटले होते.

"मावशी, बघ ना! गाळणी इथं नाहीये, पण आहे!"

पोळ्या राहिल्या बाजूला. तिच्या त्या एका वाक्यानं मला एक दगड आठवला. त्या दगडावरही अशीच जाळी उमटलेली आहे. ती उमटवणारी 'गाळणी' काचेची होती, ती एका प्राण्यानं स्वतःच्या अंगात विणली होती आणि ती नाहीशी होऊन सुमारे ३७ कोटी वर्षं झाली.

खोटं वाटतंय? भाचीलाही वाटलं. मग मी तिला पुस्तकातला फोटो काढून दाखवला. तुम्हाला मी शब्दांत दाखवते.

दगड वीतभर उंच. खाली निमुळता, वर रुंद होत गेलेला, गाजर टोकावर उभं करावं तसा. रंग मातकट करडा. त्याच्याभोवती बोट फिरवलं तर बोटाला आठ कडा लागतील, कारण हा गोल नाही, अष्टकोनी आहे. आणि त्या कडांवर ठराविक अंतरानं टेंगळं आहेत, कारल्यावर असतात ना, तशी. पण कारल्यासारखी कुठंही उगवलेली नाहीत. एका उंचीवर आठ टेंगळांचा एक वेढा, जरा वर गेलं की पुन्हा आठांचा वेढा, मग आणखी वर तिसरा. आता टॉर्च घ्यायचा आणि उजेड दगडावर समोरून न पाडता आडवा, बाजूनं पाडायचा. की सगळ्या दगडावर जाळी उठून दिसते. उभ्या रेघा, आडव्या रेघा, त्यांचे चौकोन. मोठ्या चौकोनात लहान चौकोन, लहानात त्याहून लहान.

याचं नाव हिडनोसेरास. सापडतो तो अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात. गगनचुंबी इमारतींच्या न्यूयॉर्क शहरात नाही बरं का. त्याच राज्याच्या दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, जिथं शेतं आहेत, ओढे आहेत आणि वालुकाश्माचे थर आहेत.

हा प्राणी कोण, हे ओळखायला मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जवळजवळ चाळीस वर्षं लागली. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून जरा सावकाश सांगते.

१८४२ साली टिमथी कॉनरॅड नावाच्या शास्त्रज्ञांनी या दगडाचं पहिलं वर्णन छापलं. त्यांना वाटलं, हे एखाद्या जुन्या माखलीच्या भाऊबंदाचं कवच असावं. तेव्हाच्या समुद्रात असे प्राणी होतेच. माखलीसारखे, पण शिंगासारख्या सरळ लांब कवचात राहणारे. म्हणून नाव ठेवलं हिडनोसेरास. ग्रीक भाषेत 'केरास' म्हणजे शिंग आणि 'हिडनॉन' म्हणजे जमिनीखाली वाढणारं गाठाळ कवक. थोडक्यात, गाठाळ शिंग. नाव छान आहे, पण माखलीच्या त्या भाऊबंदांच्या कवचात आडवे पडदे असतात, डब्यांच्या चळतीसारखे एकावर एक कप्पे असतात. इथं कप्पा नाही की पडदा नाही.

मग न्यूयॉर्क राज्याचे नामांकित जीवाश्मतज्ज्ञ जेम्स हॉल यांनी अशाच जाळीदार दगडांचा अभ्यास केला. १८६३ साली त्यांनी त्यांना नाव दिलं डिक्टिओफायटॉन, म्हणजे 'जाळीदार वनस्पती'. त्यांना वाटलं, हे समुद्रातलं शेवाळ असणार. विचार करून बघा, हाही अंदाज काही अगदीच चुकीच्या वाटेचा नव्हता. जाळी तर पिंपळाच्या पानातही असते. पिंपळाचं पान वहीत ठेवून त्याची जाळी केली आहे ना कधी? पण ती जाळी आठवा. मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, त्यांना फुटलेल्या आणखी बारीक. पानातली जाळी फाटे फोडत जाते. हिडनोसेरासची जाळी फाटे फोडत नाही. उभे धागे उभेच, आडवे आडवेच, आणि दोन्ही एकमेकांना काटकोनात छेदतात. पाटीवर आखल्यासारखे.

असं काटकोनात विणलेलं शरीर कुणाचं असतं?

याचं उत्तर जमिनीवरून नाही, समुद्राच्या तळातून आलं. फिलिपाइन्सजवळच्या समुद्रातून एक विलक्षण सुंदर वस्तू वर आली होती, आणि १८४१ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्लिश शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं होतं. पांढरीशुभ्र, उंच, नळीसारखी परडी. सगळी काचेच्या धाग्यांनी विणलेली. लोक तिला 'व्हीनस देवीची फुलांची परडी' म्हणू लागले. शास्त्रीय नाव युप्लेक्टेला. ही परडी म्हणजे एका स्पंजाचा सांगाडा! पुढच्या काही वर्षांत अशा आणखी कितीतरी परड्या संग्रहालयांत पोचल्या. मग १८८१ मध्ये रॉबर्ट व्हिटफील्ड या शास्त्रज्ञांनी मांडलं की हॉल यांची 'जाळीदार वनस्पती' ही वनस्पती नाहीच. ती युप्लेक्टेलाची नातलग आहे. काचेचा स्पंज आहे.

आणि मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. जेम्स हॉल यांनी आपलं जुनं मत सोडून दिलं, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत जॉन क्लार्क या सहकाऱ्यांबरोबर याच काचेच्या स्पंजांवर भलाथोरला सचित्र ग्रंथ तयार केला. तेव्हा ते ऐंशीच्या पुढं होते.

आता तुम्ही म्हणाल, स्पंज म्हणजे तो आंघोळीचा ना? दुकानात मिळणारा बहुतेक स्पंज कारखान्यात बनतो. खरा स्पंज हा प्राणी आहे. मात्र त्याला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत, मेंदू नाही. एका जागी बसायचं आणि पाणी गाळायचं, हेच त्याचं जगणं. अंगभर असलेल्या बारीक छिद्रांतून तो पाणी आत ओढतो, त्यातले जिवाणू आणि अन्नाचे कण टिपून घेतो आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर सोडतो. म्हणजे आमच्या भाचीनं चुकून अगदी बरोबर वस्तू उचलली होती. स्पंज ही जिवंत गाळणीच आहे.

काचेच्या स्पंजाची गाळणी सिलिकाची असते. ओढ्यातली पांढरी गारगोटी, किनाऱ्यावरच्या वाळूतले चमकणारे कण, आपल्या खिडकीची काच, या सगळ्यांत जे मुख्य द्रव्य आहे तेच सिलिका. आपण काच करतो तेव्हा वाळू भट्टीत घालून पांढरीफेक तापवावी लागते. हा प्राणी मात्र बर्फासारख्या थंड पाण्यात बसून, त्या पाण्यात विरघळलेलं अगदी थोडंसं सिलिका वेचून वेचून आपल्या अंगात काच बनवतो. भट्टी नाही, आग नाही, धूर नाही.

या काचेच्या सुया असतात. शास्त्रातला शब्द कंटिका. आपण सुयाच म्हणू. खराट्याच्या तीन काड्या घ्या. एक पूर्व-पश्चिम धरा, दुसरी उत्तर-दक्षिण, तिसरी आकाश-पाताळ. तिघींचे मध्य एका ठिकाणी जुळवून दोऱ्यानं बांधा. झाली सहा टोकांची चांदणी! काचेच्या स्पंजाची मूळ सुई अशी असते. सहा हात, आणि शेजारशेजारच्या हातांमध्ये काटकोन. अशा चांदण्या एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या राहिल्या की चौकोनांची जाळी आपोआप तयार होते. हिडनोसेरासच्या दगडावरचे चौकोन आले ते इथून.

काच म्हटली की ती फुटणारच, असं आपल्याला वाटतं. काचेची बांगडी हातातून पडली की तुकडे. पण या स्पंजाची जाडसर सुई आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर ती कांद्यासारखी दिसते. काचेचा एक पापुद्रा, मग प्रथिनाचा अगदी पातळ लेप, पुन्हा काचेचा पापुद्रा. तडा गेला तर तो एका पापुद्र्यापर्यंत जातो आणि लेपापाशी अडतो. म्हणून ही सुई वाकते, पण सहजासहजी मोडत नाही. युप्लेक्टेलाच्या बुडाशी असलेल्या केसांसारख्या काचेच्या धाग्यांतून उजेड थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, हेही २००३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. तुमच्या घरी इंटरनेट आणणाऱ्या केबलमध्येही काचेचा असाच धागा असतो.

एक सुई तर माणसाहून उंच असते. मोनोऱ्हाफिस नावाचा काचेचा स्पंज खोल समुद्राच्या चिखलात काचेची एकच दांडी रोवतो आणि तिच्याभोवती वाढतो. ती दांडी तीन मीटरपर्यंत लांब होते, बोटाएवढी जाड. या स्पंजाचे पहिले नमुने आपल्याच हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मिळाले. १८९८-९९ मध्ये 'वाल्दिव्हिया' नावाच्या जर्मन जहाजाच्या मोहिमेत. पूर्व चीन समुद्रातून १९८६ साली वर काढलेल्या अशाच एका दांडीच्या पापुद्र्यांचा पुढं अभ्यास झाला, तेव्हा तिचं वय निघालं सुमारे ११,००० वर्षं. माणसं शेती करायला शिकत होती तेव्हा हा प्राणी चिखलात आपली दांडी वाढवायला लागला होता. आपल्या अंदमानजवळच्या समुद्रातही काचेचे स्पंज आहेत. इंग्रजांच्या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचं सर्वेक्षण जहाज आपल्या समुद्रांत फिरायचं, त्यानं गोळा केलेल्या काचस्पंजांचा अभ्यास फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झ या शास्त्रज्ञांनी केला.

भाचीचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मेंदू नाही, तर त्याला दुखतं-खुपतं कसं कळतं?"

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर त्याहून चांगलं. आपलं शरीर कोट्यवधी वेगवेगळ्या पेशींचं असतं. काचेच्या स्पंजात बहुतेक पेशी एकमेकींत मिसळून एकच सलग पेशी पसरलेली असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, सगळ्या सांगाड्यावर. त्यामुळं एका टोकाला धक्का लागला, किंवा पाण्यातून गाळ आला, तर विजेचा अगदी क्षीण झटका या सलग अंगातून पुढं पुढं जातो. सावकाश हं! सेकंदाला तीन मिलिमीटरहूनही थोडा कमी. पण तो पोचला की सगळा स्पंज पाणी ओढणं थांबवतो. दार लावून घेतो म्हणा ना. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता परत आपल्या दगडाकडं. एक कोडं राहिलंच आहे.

हिडनोसेरासच्या दगडात बहुतेक वेळा काच उरलेलीच नसते. दगड आहे वाळूचा. मग काच गेली कुठं?

विरघळली. स्पंज जिवंत असतो तोवर काचेवर त्याच्या अंगाचं आवरण असतं. तो मेला की समुद्राचं पाणी ही काच हळूहळू परत आपल्यात घेतं, खडीसाखर पाण्यात विरघळावी तशी. फक्त फार सावकाश. शिवाय हिडनोसेरासच्या सुया एकमेकींना चिकटवून टाकलेल्या नव्हत्या, नुसत्या शेजारीशेजारी गुंफलेल्या होत्या. म्हणजे प्राणी मेल्यावर थोड्याच दिवसांत सगळी परडी विस्कटून सुयांचा ढीग व्हायचा. दगडात अख्खी परडी दिसते, याचा अर्थ ती विस्कटायच्या आत वाळूखाली गाडली गेली.

डोळे मिटा आणि बघा. काळ डेव्होनियन, ३७ कोटी वर्षांपूर्वीचा. आज जिथं न्यूयॉर्कच्या टेकड्या आहेत तिथं फार खोल नसलेला समुद्र आहे. पूर्वेला उंच डोंगर, आणि त्या डोंगरांवरून नद्या वाळू-गाळ आणून समुद्रात ओतताहेत. जमिनीवर पहिली खरी जंगलं उभी राहिली आहेत, पण त्यात ना पक्षी, ना फुलं. डायनासोर यायला अजून १३-१४ कोटी वर्षं आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्याचा बनला तो लाव्हा तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या समुद्राच्या मानानं अगदी अलीकडचा. पाण्याखाली वाळूत टोक रोवून काचेच्या परड्या दाटीवाटीनं उभ्या आहेत. काही टेंगळांच्या, काही सरळ अष्टकोनी खांबासारख्या, काही अंगाला कड्या घातल्यासारख्या. त्या पाणी गाळताहेत. आणि एके दिवशी वादळ येतं. तळाची वाळू उसळते, परड्यांच्या आत शिरते, वरूनही पसरते. सगळं शांत होतं तेव्हा परड्या वाळूखाली, उभ्याच्या उभ्या किंवा आडव्या पडलेल्या.

पुढं काच विरघळली. पण तोवर आतली वाळू आणि बाहेरची वाळू दोन्ही घट्ट झाल्या होत्या, आणि दोन्हींनी जाळीचा ठसा घेऊन ठेवला होता. कणकेनं गाळणीचा घेतला तसाच.

तुम्हालाही हे करून बघता येईल. शाडूच्या मातीचा गोळा घ्या. तेलाचा हात लावलेली गाळणी तिच्यात दाबा आणि गाळणीच्या आतही माती भरा. अर्ध्या तासानं आतला गोळा अलगद बाहेर काढा. तो जो गाळणीच्या आकाराचा, अंगभर जाळी उमटलेला गोळा तुमच्या हातात येईल ना, हिडनोसेरासचे बरेचसे जीवाश्म नेमके तसे आहेत: परडीच्या आत भरलेल्या वाळूचा दगड. गोळा सावलीत वाळू द्या आणि रात्री खोलीतला दिवा घालवून त्यावर टॉर्चचा आडवा उजेड टाका. जीवाश्म बघणारी माणसं पुसट खुणा शोधायला हीच युक्ती करतात.

हे जीवाश्म जमवणाऱ्यांमध्ये एक औषधाचं दुकान चालवणारे गृहस्थ होते. न्यूयॉर्क राज्यातल्याच वेल्सव्हिल गावचे एडविन ब्रॅडफर्ड हॉल. ते काही विद्यापीठात शिकवत नव्हते. गावाच्या आसपासच्या टेकड्यांतून त्यांनी या स्पंजांचा मोठा संग्रह उभा केला. दुकान सांभाळून दगड शोधणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

हिडनोसेरास आणि त्याचं सगळं घराणं आज उरलेलं नाही. पण काचेच्या स्पंजांची कुळी त्याहूनही कितीतरी जुनी. चीनमध्ये सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात एक स्पंज सापडला, त्याबद्दलचा शोध २०२४ मध्ये जाहीर झाला. त्याच्यात सुया नाहीत, काचही नाही. पण अंगावर चौकोन आहेत. आणि मोठ्या चौकोनात लहान, लहानात त्याहून लहान! म्हणजे विणीचा नमुना आधी आला, काच मागाहून आली असावी. हे वाचलं त्या दिवशी मी हिडनोसेरासचा फोटो पुन्हा काढून बघितला होता.

चीनच्याच झेजियांग प्रांतात आणखी एक अद्भुत जागा आहे, आन्जी. तिथले थर सुमारे ४४ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्या वेळी पृथ्वीवर मोठं संकट आलं होतं आणि समुद्रातल्या बहुतेक जाती संपल्या होत्या. आणि त्या संकटाच्या लगेच नंतरच्या थरात काय सापडलं? स्पंजच स्पंज! ७५ हून जास्त जाती, त्यांतले काही अगदी नाजूक सांगाड्यासकट. बाकीच्यांची घरं उठली तेव्हा या गाळण्या तळाशी निवांत पाणी गाळत होत्या.

पण काचस्पंजांनी सगळ्यात मोठं बांधकाम केलं ते डायनासोरांच्या काळात, सुमारे १५ ते १६ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा युरोपचा बराच भाग समुद्राखाली होता. त्या समुद्रात काही काचस्पंजांनी सुया नुसत्या गुंफल्या नाहीत, एकमेकींना काचेनंच जोडून टाकल्या. असा स्पंज मेला तरी सांगाडा विस्कटत नाही, उभाच राहतो. त्याच्या डोक्यावर पुढचा स्पंज बसतो, त्याच्यावर त्याच्या पुढचा. मधल्या फटींत गाळ भरतो आणि सगळं घट्ट होतं. पोवळ्यांचे खडक असतात ना समुद्रात, तसेच हे स्पंजांचे खडक. स्पेनपासून फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, पोलंड करत रुमानियापर्यंत आणि त्याच्याही पुढं, सुमारे ७,००० किलोमीटरचा पट्टा! दक्षिण जर्मनीत श्वेबिश आल्ब नावाची डोंगररांग आहे. तिथले पांढरे कडे बघताना माणसं खरं तर जुन्या स्पंजांच्या वस्तीकडं बघत असतात.

पुढं हे खडक दिसेनासे झाले. असं का झालं असावं, याचं एक कारण शास्त्रज्ञ सांगतात, आणि ते मला अगदी पटण्यासारखं वाटतं. समुद्रात डायटम नावाच्या, वनस्पतींसारख्या सूक्ष्म पेशी वाढल्या. त्याही सिलिकाच्या डब्या बनवून त्यांत राहतात. उजेडासाठी त्या पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात आणि तिथलं सिलिका भराभर वापरून टाकतात. उथळ पाण्यात काचेचा कच्चा माल तुटपुंजा झाला. काचेच्या स्पंजांना आता सिलिका भरपूर मिळतं ते खोल, गार, अंधाऱ्या पाण्यात. आज त्यांतले बहुतेक तिथंच राहतात, एकेकटे किंवा लहान लहान झुंडींनी. एकावर एक चढून खडक बांधणारे मात्र कायमचे संपले, असंच सगळे मानत होते.

१९८७ साली कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं पश्चिम किनाऱ्याजवळ, हेकाटी सामुद्रधुनीत, समुद्रतळाचा नकाशा बनवत होती. पाण्यात आवाज सोडायचा आणि तळावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते ओळखायचं, अशी त्यांची पद्धत. नकाशात तळावर अनोळखी उंचवटे दिसायला लागले. टेकडी म्हणावी तर खडकासारखा खणखणीत प्रतिध्वनी नाही. थोडेथोडके नव्हेत, किलोमीटरच्या किलोमीटर. मग तळावर कॅमेरा सोडला.

काचेचे स्पंज! जिवंत! एकमेकांच्या खांद्यावर उभे!

काही ठिकाणी हे खडक २५ मीटरपर्यंत उंच आहेत, म्हणजे आठ मजली इमारतीएवढे. १४० ते २४० मीटर खोल पाण्यात. त्यांची सुरुवात झाली सुमारे ९,००० वर्षांपूर्वी. हिमयुग संपताना तरंगत्या हिमनगांच्या बुडांनी समुद्रतळ नांगरल्यासारखा खरवडला होता आणि त्या चऱ्यांच्या काठांवर खडी उघडी पडली होती. पहिले स्पंज त्या खडीला धरून बसले. वर्षाला जेमतेम एक ते तीन सेंटिमीटर वाढत, पिढ्यान् पिढ्या त्यांनी ही वस्ती उभी केली.

१९९९ मध्ये 'डेल्टा' नावाची छोटी पाणबुडी तिथं उतरली. या शोधकार्यातल्या संशोधकांत मानफ्रेड क्राउटर हे जर्मन जीवाश्मतज्ज्ञ होते. त्यांचा अभ्यास होता जर्मनीतल्या त्या दगड झालेल्या स्पंज-खडकांचा. ज्यांची ओळख आजवर फक्त हातोडीनं होत आली होती, तेच खडक इथं पाणी गाळत उभे होते, आणि त्यांच्या फटींतून लालसर मासे, खेकडे, झिंगे ये-जा करत होते.

मात्र बऱ्याच ठिकाणी काचेचा चुरा पडला होता. तळ खरवडत जाणारी मासेमारीची मोठी जाळी वरून गेली होती. वर्षाला दोन सेंटिमीटर वाढणाऱ्या काचेवरून लोखंडी वजनं फिरली तर काय होणार? जाळी अगदी वरून गेली नाही, नुसती जवळून गेली, तरी गाळ उठतो. आणि गाळ आला की काचेचा स्पंज काय करतो? बरोबर. तो क्षीण झटका अंगातून जातो आणि स्पंज दार लावून घेतो. पाणी बंद म्हणजे जेवण बंद. ही जाळी २००२ मध्ये तिथं बंद करण्यात आली आणि २०१७ मध्ये कॅनडानं तो भाग संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर केला. हे वाचून मला खरोखर हायसं वाटलं.

"पण मग तिथं नवीन पिल्लं येतात?" भाचीनं विचारलं. तोवर कणकेचा गोळा वाळून कडक झाला होता आणि त्याच्या पोळ्या काही व्हायच्या नव्हत्या.

येतात. स्पंजाचं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढंही नसतं. ते थोडा वेळ पाण्यात पोहतं आणि मग बसायला घट्ट जागा शोधतं. चिखलात बसून चालत नाही, बुडून जाईल. तिथं खाली घट्ट जागा एकच असते: आधी मरून गेलेल्या स्पंजाचा, अजून न विरघळलेला काचेचा सांगाडा. पिल्लू त्या सांगाड्याच्या एका काचेच्या धाग्याला चिकटतं, आजूबाजूच्या पाण्यातून सिलिका ओढून घेतं, आणि आपल्या सुयांचे सहा-सहा हात पसरायला सुरुवात करतं.